तीस बाय चाळीस

येळ्ळूर रोडला, बासमतीच्या शिवारात
मी दगडांवर नंबर घालतो.
दगडामागं सात रुपये. रंग मालकाचा, ब्रश माझा.

सतरा नंबर भरमाण्णाच्या विहिरीवर आला.
तीन दिवस मुरूम खात राहिली ती,
नकाशात मात्र नव्हतीच.
अठरा ईशान्येचा, लगेच गेला.
चोवीसमधून पाट जायचा,
आता चाळीस फुटी रस्ता आहे, कागदावर.

भात निसवलं की वास पार बसस्टॉपपर्यंत यायचा.
हे मी गिऱ्हाइकाला सांगत नाही.
ते विचारतात, बोअरला पाणी किती फुटावर?

बांधावरचं जांभूळ काल पाडलं, सपाटीकरणाला.
इंजिनिअर म्हणाला, बोर्ड इथंच.
मी कानडीत लिहिलं: उद्यान.
खाली मराठीत: उद्यान.
पाट्यांवरून एवढी भांडणारी आम्ही माणसं,
आणि शब्द दोन्हीकडं तोच निघाला.

संध्याकाळी भरमाण्णा आला,
जांभळाच्या बुंध्यावर टेकला.
कुठल्या नंबरावर बसलोय रं मी?

ब्रश रॉकेलात बुडवत म्हणालो,
अण्णा, एवढ्याला नंबर नाही.

मग बसतो थोडा, म्हणाला.