दहा बुधवार

बेचाळीस माणसांचा लसान्या मी करते.
म्हणजे पहिल्या बुधवारी बेचाळीस,
चौथ्या बुधवारी एकतीस,
पण तक्त्यावरची रेघ वरच चढत राहिली.
टोबायस म्हणाला, "एनिड, आपण माणसं मोजत नाही, गती मोजतो."
म्हटलं, बरं. ओव्हनला दोन्ही सारखंच.

टोबायस लंडनहून आला, पांढऱ्या बुटांत.
आमच्या लिंकनशायरच्या चिखलात ते बूट
सहा आठवडे पांढरे राहिले;
चमत्कार म्हणायचा तर तेवढा एक पाहिला.
त्याच्याबरोबर आलं कॉफीचं यंत्र, आला नवा लोगो
(पान, किंवा ज्योत, किंवा थेंब; विचारलं तर तिन्ही)
आणि पाच वर्षांची योजना,
जिच्यात संत गथलॅकचं नाव
फक्त पत्त्याच्या ओळीत होतं.

आधी बाकं गेली. बाकांमागोमाग गुडघे टेकायच्या उशा.
माझ्या आईच्या हातची, बगळा भरलेली,
कचऱ्याच्या ढिगात पालथी पडली होती.
उचलली. कोणाला विचारलं नाही.
आता खुर्च्या आहेत. छान आहेत. एकावर एक रचता येतात.

टोबायस वाईट माणूस नाही, हे लिहून ठेवते.
भांडी पुसायला येतो. सगळ्यांची नावं पाठ करतो,
माझ्या मांजराचंसुद्धा.
फक्त नाव घेतल्यावर अर्धा क्षण थांबतो,
विक्रेता दार वाजवून थांबतो तसा.

क्रम ठरलेला: जेवण, मग व्हिडिओ, मग गोल करून गप्पा.
व्हिडिओत चांगल्या दातांची माणसं
आपलं आयुष्य कसं होतं आणि कसं झालं ते सांगतात.
'होतं'ला एक मिनिट, 'झालं'ला नऊ.

पाचव्या बुधवारी क्लिफर्ड मॉअर बोलला.
बीटचे ट्रक चालवायचा. चार बुधवार
मुकाट जेवून, ताट स्वतः उचलून गेलेला.
म्हणाला, "माझी हेटी एकोणिसाव्या वर्षी गेली.
तुमच्यातलं तिला काही पटायचं नाही. हसायची.
मग ती आता कुठे आहे, तुमच्या हिशेबात?"

प्रोजेक्टरचा पंखा घरघरत राहिला.
गटप्रमुख पोरगी, तेविशीची असेल;
तिच्या पुस्तिकेत त्या पानावर 'आनंद' होता.
फार सुंदर प्रश्न, ती म्हणाली,
आणि पिवळ्या चिठ्ठीवर लिहून फळ्यावर चिकटवला,
जिथे वर लिहिलं होतं: पार्किंग.

सहाव्या बुधवारी एक ताट उरलं.
सातव्या बुधवारी मी एक ताट कमी वाढलं.
त्याची लाज अजून आहे.

दहाव्या बुधवारी फुगे. नवी नावं आठ.
टाळ्या मीही वाजवल्या, ओल्या हातांनी.
आठ माणसं म्हणजे आठ माणसं, थट्टा नाही;
त्यातली पोस्टातली मॅव्हिस खरंच रडली,
आणि ते रडणं कोणी शिकवलेलं नव्हतं.
अहवालात खाली बारीक ओळ:
गळती, अपेक्षेच्या आत.

फळा पुसणं माझ्याकडे.
चिठ्ठीचा गोंद सुकलेला; हात लावायच्या आधीच पडली.
'हेटी कुठे आहे?' इतकंच. आडनावही नाही.

जुन्या पाळकांना प्रवचन जमायचं नाही, लोक डुलक्या घ्यायचे.
पण हेटी गेली तेव्हा ते महिनाभर
रोज संध्याकाळी क्लिफर्डच्या कुत्र्याला फिरवून आणायचे,
आणि साखळी परत देताना काही म्हणायचे नाहीत.
म्हणूनच चर्च ओस पडलं, असं टोबायस म्हणतो.
असेलही.

गुरुवारी गेले. थंड लसान्याचा तुकडा, वर ताटली पालथी.
त्याने दार उघडलं. चिठ्ठी पुढे केली,
चुकून माझ्या घरी पडलेलं त्याचं पत्र असावं तशी.
म्हटलं, मला उत्तर येत नाही.
"येतं म्हणाली असतीस तर दार लावून घेतलं असतं."

मग म्हणाला, कांदे लावायचे राहिलेत.
पिशवीतून बगळा काढला, वाफ्याच्या कडेला ठेवला.
दोघांना पुरत नव्हता.
आळीपाळीने गुडघे टेकले.