हात दाखवून

ऑस्टिनला इंडिकेटर नव्हते.
होते म्हणे एके काळी,
दोन दारांमधल्या खांबात मिटलेले दोन लाल पंख,
बटण दाबलं की टपकन बाहेर पडणारे.
मी पाहिलं तेव्हा एकात कुंभारमाशीचं घर,
दुसरा आतल्या आत गंजून झोपलेला.
पन्नास वर्षं
आप्पाचा उजवा हात हाच इंडिकेटर.

सरळ बाहेर काढला की उजवीकडे.
हवेत भाकरीएवढा गोल, डावीकडे.
वर-खाली, कुत्र्याला थोपटल्यागत, म्हणजे सावकाश.
कोपरापासून खाली तो हात
दुसऱ्याच कुणाचा वाटावा इतका काळा.

दिवाळीनंतर तो खांद्यातून उठेना.
सदरा घालताना आई त्याला आधी उचलते,
झोपलेलं पोर उचलावं तसा,
मग बाहीत सोडते.

उद्यमबागेत ईरय्या मठद बॉनेटखालून म्हणाला,
"सहा व्होल्ट. अन् बॉडीला प्लस.
हिचं सगळंच उलटं हाय की ओ."
त्यानं एका मेलेल्या येझदीचा फ्लॅशर काढला,
स्कूटरचे चार दिवे,
मच्छेच्या फौंड्रीतल्या भंगारातून पट्ट्या
बंपरला नुसत्या आवळून बसणाऱ्या.
भोक पाडायचं नाही, असं घरून बजावलेलं.
"एक बी नाही. डॉक्टरांची गाडी हाय ती."
डॉक्टर जाऊन एकतीस वर्षं झाली.
थकलेल्या पगारापोटी गाडी आमच्याकडे आली,
आप्पा अजून मागचं दार आधी उघडतो.

वायरींना चिकटपट्ट्या लावल्या.
एकीवर ईरय्यानं कानडीत लिहिलं,
एकीवर मी मराठीत.
शेवटी पाहतो तर दोन्ही एकाच वायरीवर:
उजवीला दोन नावं,
डावी बिननावाची लोंबत.

मागं उभं राहून तो ओरडायचा, "एडक्के!"
मी डावं दाबायचो, उजवं पेटायचं.
"एडक्के, एडक्के!"
"येडं कोण म्हणायचं?" खानापूरचं पोरगं
टायरीवर बसून हसत होतं, हातातला पाना विसरून.
दुपारी चारला एकदाचं जमलं.
टिक.
टक.
डॅशबोर्डखालून, भिंतीतल्या किड्यासारखं.

आप्पाला आणायला रिक्षा पाठवली.
तो गाडीभोवती एक फेरी मारून
डावीकडच्या सीटवर बसला,
आयुष्यात पहिल्यांदा,
पाहुण्यासारखा, गुडघे जुळवून.
खानापूर रोडला उसाचे ट्रॅक्टर,
कॉलेजची पोरं, एक वरात, बिनबॅंडची.
अनगोळकडे वळताना मी उजवं बटण पाडलं
आणि त्याच क्षणी
डाव्या खिडकीतून डावा हात बाहेर गेला,
गोरा, घड्याळाचा, कधी काही न सांगितलेला,
सरळ ताठ.

मागचा स्कूटरवाला करकचून थांबला.
"याव कडे होगतीरी?"
आणि त्याच श्वासात, आमचे चेहरे बघून,
"कुठं जाऊलालाय ओ नक्की?"

मला म्हण आठवली, हात दाखवून अवलक्षण,
पण ती गिळली.
"आप्पा, आत घे. दिवा लागलाय."
"तू वळ की. मी सांगूलालोय त्यास्नी."

पत्र्याच्या शेडमध्ये गाडी लावली.
हे बटण आपोआप परत येत नाही,
ईरय्यानं बजावलं होतं, तरी विसरलो.
आप्पा उतरेना.
कोंबड्यांच्या जाळीवर केशरी उजेड
येत होता, जात होता,
एक कोंबडी दर वेळी मान वळवत होती.
"बॅटरी उतरेल," मी म्हटलं.
"उतरू दे. बगूया खरं,
किती वेळ सांगतंय ते."