वाटा

पहिला कागद घेऊन गेलो तेव्हा
तोंडवळीत रापण ओढत होते
आणि मला चपला हातात घेऊन
वाळूतून तिच्यापर्यंत जावं लागलं.
नायक गुणाजी तारी, मी वाचलं,
हिमकडा कोसळल्यानंतरच्या हजेरीत नाही.
सध्याचा वर्ग: बेपत्ता.

वनिता म्हणाली, बेपत्तो कसो?
पत्तो तेचो ह्योच.
घर नंबर दोनशे चौदा, पोस्ट आचरा.
हात पुसून तिने सही केली
तरी कागदाला एक खवलं चिकटून आलं.
ओरोसच्या कचेरीत, दिवा लावला की,
ते फायलीत चमकायचं.

आमच्याकडे शब्द मोजून असतात.
गैरहजर निराळा, पळालेला निराळा,
शत्रूच्या ताब्यात असला तर त्याचं पानच निराळं.
एका शब्दावरून दुसऱ्यावर जायला
चौकशी बसते, जबाब होतात.
दोघा साथीदारांनी त्याला शेवटचं पाहिलं
स्टोव्हवर बर्फ वितळवताना, चहासाठी.
एवढी ओळ तिने माझ्याकडून
दोनदा वाचून घेतली.

दुसऱ्या कागदात शोध थांबला.
तिसऱ्यात होतं:
मृत असल्याचे समजण्यात येत आहे.
कोण समजता?
सरकारी भाषा आहे, वहिनी.
होय, पण कोण?

त्या दिवशीही जाळं काठाला लागलेलं.
बाबल तांडेल वाटे घालत होता,
बांगडे, थोडी तारली.
गड्याला एक, विधवेला अर्धा,
ही त्यांची वर्गवारी, कुठे लिहिलेली नाही.
इतकी वर्षं गुणाजीचा पुरा वाटा पडत आला,
दोरीला त्याचा हात नसताना.
आज बाबलचा हात टोपलीतच राहिला.
तिच्याकडे बघेना तो,
माझ्या बॅगेकडे बघत होता.

मी पेन शोधू लागलो.

शेवटी त्याने पुराच घातला.
तिने खाली बसून अर्धे मोजून घेतले,
अर्धे तिथेच ठेवले,
पाटी डोक्यावर घेतली नि गेली.
पावतीवरची सही राहिलीच.
मांजरं आली, पोरांनी हाकलली.
मालवणची शेवटची एसटी गेल्याचं ऐकू आलं,
मी बसून होतो.
भरती चढत होती.
बांगड्यांना पाणी लागलं
तरी कोणी म्हटलं नाही, उचला.