हाफकट

जपानहून गाड्या यायच्या अर्ध्या.
दारामागं करवत फिरवलेली,
पुढचं तोंड तेवढं शाबूत, इंजिनासकट,
शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात, आमच्या यार्डात.
अशाच एका हाफकटच्या डॅशबोर्डात सापडलं मासिक.
काळ्या जॅकेटातले पैलवान, खाली किड्यामुंग्यांची लिपी.
वाचता कुणालाच येईना. फोटो तेवढे बघितले:
पहिल्या पानावर तिघं, मधल्या पानावर पाच,
शेवटच्या पानावर चौघं मिळून पाचव्याला तुडवतायत.

शिदू खोत म्हणाला, ही कुस्ती न्हवं.
मग काय आहे, रशीदनं विचारलं.
शिदूनं पान उलटलं, परत उलटलं.
टोळी हाय, म्हणाला. बरी हाय.

टायरांवर प्लायवुड, प्लायवुडवर गाड्यांच्या तळातलं कार्पेट,
चार खांबांना सीटबेल्ट जोडून दोर.
मी सीट कव्हरं शिवणारा, इचलकरंजीचा;
फुटलेल्या एअरबॅगांचे झगे मी शिवले.
ते कापड सुईला दाद देत नाही,
अकरा सुया मोडल्या, मग गुलचा झगा झाला.
गुल जमीन, स्वातचा. दार बिजागरीतून हातानं उपसायचा.
रोडेल कंटेनरच्या टपावरून उडी टाकायचा.
धनबहादुर रात्रीचा वॉचमन, पडण्यात उस्ताद.
रशीद माईकवर, आणि गरज पडली तर दिव्याच्या बटणावर.

अडलं शिदूपाशी.
ठरवून पाठ टेकायची? त्याच्या घशाखाली उतरेना.
उभ्या जन्मात तीनदा टेकली होती:
एकदा मुरगूडला, एकदा निपाणीला,
आणि एकदा मेव्हण्याच्या मोटारसायकलवरून.
धनबहादुर त्याला रोज रात्री शिकवायचा,
हनुवटी छातीला, दोन्ही हात एकदम आपट,
आवाज आधी, पाठ मागून.
अडीच महिने लागले.
ज्या दिवशी जमलं त्या दिवशी जेवला नाही.

पहिल्या शुक्रवारी एकोणीस माणसं,
त्यातली अकरा बसची वाट बघणारी.
ईदेपर्यंत टपांवर जागा उरली नव्हती,
अजमानहून पिकअप भरून यायच्या.
आम्ही जिंकायचो ते लबाडीनं. रशीद दिवा घालवायचा,
दिवा लागेपर्यंत समोरचा आडवा.
सात भाषांत शिव्या पडायच्या
आणि शिदू मिशीतल्या मिशीत हसत
झग्याची पाठ लोकांकडं करायचा,
पाठीवर मी शिवलेलं, नारिंगी सीटबेल्टच्या अक्षरांत, हाफकट.

मग कंपनीनं चोवीस व्हिसे रद्द केले.
यादीत नववा, खोत शिद्राम आप्पासो.
शनिवारी पहाटेचं विमान.
रशीदनं मासिक काढलं आणि उघडलं नाही.
शिदूनंच घेतलं, शेवटचं पान काढलं,
तुडवल्या जाणाऱ्यावर बोट ठेवलं. ह्यो मी.

बुधवारी रात्री मी त्याच्या झग्यावरचं नाव उसवून
कच्च्या टाक्यानं परत लावलं.
ठरलं असं, की आधी गुल कोरोलाचं दार घालणार,
मग एका हिसक्यात नाव निघणार.

शुक्रवारी गुलनं दार उचललं आणि धरूनच ठेवलं.
मार की रं, शिदू दातांतून म्हणाला.
गुलला मराठी येत नव्हती. त्यानं मारलं.
आवाज आधी, पाठ मागून.
टपांवरची माणसं पहिल्यांदाच आमच्या बाजूनं ओरडली,
म्हणजे त्याच्या. शिदू, शिदू.
मी खाली वाकलो, नाव धरलं, हिसडा दिला.
निघेना.
माझ्या टाक्यांवरून कुणीतरी शिलाई मारली होती,
वेडीवाकडी, सुतळीनं, गाठीवर गाठ.
मी ओढलं, गुलनं ओढलं, रोडेल उडी विसरून आला,
धनबहादुरनं दात लावले.
सगळे मिळून त्याच्या पाठीवर वाकलो होतो
आणि लोकांना वाटत होतं, मारतायत.