तीनशे अठरा

नोव्हेंबर. डुलुथ, मिनेसोटा.
सरोवरावरून येणारा वारा शाळेच्या दारांना धडका देत होता
आणि आत, पोरांना वर्गात बसवून, दारं लावून,
एक कुत्रा कॉरिडॉरभर फिरत होता.
तीनशे अठराच्या समोर तो बसला.
बसला म्हणजे संशय. तसा नियम आहे.

डॅनफोर्थबाई म्हणाल्या, "ऑर्विल, कटर आण."
बावीस वर्षं मी इथल्या फरशा पुसतो, बॉयलर सांभाळतो.
कटरही माझ्याच खोलीत, खिळ्याला टांगलेला.
कुलूप तुटताना फार आवाज होत नाही.
अक्रोड फुटावा, तेवढाच.

लॉकर शाळेच्या मालकीचा. नियमपुस्तिका, पान एक्केचाळीस,
खाली पालकांची सही.
ब्रिन्ना केटोलाच्या आईची सही ब्रिन्नानेच केली होती;
सरावाचे चार कागद मला कचऱ्यात सापडले,
मी ते बॉयलरमध्ये टाकले.

आणखीही माहीत होतं.
पहाटे मागचं दार उघडतो तेव्हा
पार्किंगमधल्या निळ्या गाडीच्या काचांवर आतून वाफ धरलेली असते.
पावणेसातला मुलींच्या बाथरूममध्ये
गरम पाण्याचा नळ बराच वेळ वाहतो.
तिकडची फरशी मी शेवटी पुसतो.
कुणाला बोललो नाही.
सांगण्यासारखं काही नव्हतंच.
किंवा होतं, म्हणून तर.

अधिकाऱ्याने हातमोजे चढवले, एकेक वस्तू बाहेर काढली:
साबणाच्या डबीत टूथब्रश,
उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेले कपडे,
लहान मुलाचा एकच बूट,
अर्धवट खाल्लेलं सुकं मांस.
कुत्र्याने शेपटी हलवली. त्याचं खरंच होतं.
आणि एक वही.
वहीला कसला वास येणार,
तरी त्याने पानं उलटली. सावकाश.
मी बॉयलरचा काटा बघायला जातो म्हणालो,
आणि गेलो नाही.

"आक्षेपार्ह काही आढळले नाही."
ते "काही नाही" परत आत ठेवायचं काम माझं.
ती कपड्यांच्या वळकट्या करते.
मला घड्याच जमतात.
तिला कळेल.

संध्याकाळी नवं कुलूप घेतलं, पदरच्या पैशाने.
मागच्या चिकटपट्टीवर तीन आकडे असतात.
न बघता सोलायची, असं ठरवलं होतं.
पण डोळ्यांना खोड असते.
आता ते आकडे विसरायला बघतोय,
तुम्हालाही सांगणार नाही.

बुधवारी पावणेसातला
मी बाथरूमबाहेर बादली घेऊन उभा होतो.
नळ वाहिला नाही.