उडणं संध्याकाळचं, उतरणं रात्रीचं

सूर्य गेला सात बावन्नला.
असं भिंतीवरचा तक्ता सांगतो.
खाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय:
मका उंच असेल तर दोन मिनिटं आधीच.

लोर्ना स्लादेक सेसनाच्या पंखाखाली उभी,
कोटाच्या खिशात टॉर्च, टॉर्चला लाल कागद.
सरकारनं तिला एका रात्रीच्या तीन रात्री करून दिल्यात.

पहिली आत्ताच लागली.
पंखांच्या टोकांचे दिवे लाव,
डावीकडे तांबडा, उजवीकडे हिरवा.
दुसरी अठ्ठावीस मिनिटांनी,
सूर्य क्षितिजाखाली सहा अंश उतरला की.
तिथून पुढचं उडणं वहीत रात्रीच्या रकान्यात.
आणि तिसरी, सगळ्यांत उशिरा येणारी,
सूर्यामागून पुरता एक तास.
शेजारी माणूस बसवून अंधारात न्यायचा
तर या तिसरीतच तीनदा उडायचं, तीनदा उतरायचं,
दर खेपेला चाकं पार थांबवायची,
तेही गेल्या नव्वद दिवसांत.

तिचं शेवटचं मे महिन्यातलं.
नेब्रास्काचा उन्हाळा रात्र सहजी हातात देत नाही.

आता आठ वीस.
वहीसाठी रात्र झाली, माणसासाठी अजून नाही.
ही कातरवेळ. धान्याचा उंच कोठार तेवढा उजेडात,
लूप नदी कुठे संपते, वाळू कुठे सुरू होते, विचारू नये.
काळोखात उतरणं सोपं, दिव्यांच्या दोन ओळी आणि मधे काही नाही.
अवघड हे असलं राखाडी,
ज्यात जमीन आहे असं वाटतं तिथे ती नसते,
आणि हरणं असतात.

ती वाट बघते. मग फार वाट बघते. मग निघते.
माईकचं बटण पाच वेळा दाबलं
की धावपट्टी कुणी हाक मारल्यासारखी जागी होते.
एक फेरी. चाकं टेकली, थांबली.
दुसरी. वाऱ्यानं थोडं ढकललं, तिनं थोडं ऐकलं.
तिसरी इतकी हलकी
की टेकल्याचं फक्त आवाजावरून कळलं.

इंजिन बंद. लाल उजेडात वही.
पहिलं उड्डाण: आठ एकोणपन्नास.
पहिलं उतरणं: आठ पंचावन्न.

रात्र बावन्नला लागली होती.
म्हणजे उडाली ती संध्याकाळी
आणि उतरली रात्री,
आणि हवेत कुठेतरी, बहुधा गुरांच्या गोठ्यावर असताना,
तिच्या नकळत ती ओलांडली गेली.

तीन मिनिटं.
कुणी नाही इथे. टिटवीसारखा एक पक्षी खडीवर ओरडतोय,
त्याला वही वाचता येत नाही.
एकोणपन्नासच्या नऊला शेपूट वळवायला किती वेळ.

पण शुक्रवारी शेजारच्या खुर्चीत ऑरिन बसणार,
तिचा बाप, वय ब्याऐंशी,
ज्यानं शाळेच्या फुटबॉल मैदानाचं घड्याळ अडतीस वर्षं सांभाळलं
आणि ते मैदान, सगळे दिवे लागलेलं, वरून कधी पाहिलं नाही.
एकोणनव्वद साली ज्यानं आपल्याच गावाला
शेवटचे दोन सेकंद परत दिले नव्हते.
बेकरीवाल्यानं वर्षभर त्याला कोलाचे विकले नाहीत.
तो म्हणायचा, संपलं म्हणजे संपलं,
मी फक्त बघतो.

पंधरा मिनिटं झाली, धावपट्टीचे दिवे आपोआप गेले.
तिनं शिवी दिली, किल्ली फिरवली,
पाच वेळा बटण दाबलं.

घरी फोन वाजत होता.
—झालं?
—झालं. तीन.
—मी खिडकीतून चार मोजले.
—पहिलं संध्याकाळीच उडालं होतं, बाबा.

पलीकडे बराच वेळ नुसता फ्रिजचा आवाज.
मग:
—वर थंडी असते का? स्वेटर काढून ठेवू?