मेणाएवढं

बेलापूरच्या कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावर,
नादकाट्याला मेण लावायचं काम माझं.
गोडांबे सर दोन काटे मागतात,
दोन्हींवर कोरलेलं दोनशे छप्पन्न.
एकाच्या टोकाला मी हरभऱ्याएवढं मेण चिकटवते.
रबरी हातोडीनं ठोकले
की आवाज एकच, पण श्वास घेणारा,
मोठा, लहान, मोठा, लहान.
"विस्पंद," सर फळ्यावर लिहितात.
सेकंदाला तीन. पोरं बोटांवर मोजतात.

यात चुकीचा कोणता?
एका पोरीनं एकदा विचारलं.
सर म्हणाले, कानाला नुसतं अंतर कळतं,
वर कोण, खाली कोण, ते कळत नाही.
बावीस वर्षांत तेवढं एक उत्तर
मी डब्याच्या पिशवीतून घरी नेलं.

घर म्हणजे दिवाळे, धक्क्यामागची गल्ली.
आई धवलारीण.
चांगुणाबाय आणि कमळीबाय,
हळदीच्या मांडवात दोघी एकाच पाटावर,
तोंडं एकमेकींकडे, डोळे मिटलेले.
कमळीबायचा सूर आईच्या सुराला चिकटून जायचा
पण केसभर बाजूनं,
आणि त्या केसभरात काहीतरी हलत राहायचं,
भरतीला बांधून ठेवलेल्या होडीसारखं.
लहानपणी मला वाटायचं
मांडवाचं कापडच थरथरतंय.

कमळीबायचं घर खाडीपल्याड.
दुपारी ओहोटीला चिखल तापलेला असायचा,
आई बेंबीच्या देठापासून हाक मारायची,
आणि काही नाही.
ती हाक वर वाकून घारींना पोचायची.
रात्री मात्र पाण्यावर गार हवा बसली
की तिकडे कुणी खोकलं तरी इकडे कळे.
आवाज गार हवेकडे झुकतो,
हे सांगायला सर दोन बाण काढतात.
आई बाण न काढता
जेवणं उरकून धक्क्यावर जायची.
बोलायच्या तरी काय?
बोंबील सुकले का. जावई आला का.
मधल्या काळोखातून एवढीच ने-आण.

आता हळदीला डीजे.
गल्लीच्या तोंडाशी स्पीकरांची भिंत.
गाण्याचे शब्द कोपऱ्यावरच अडकतात,
धडधड तेवढी वळून आत येते
आणि मांडणीवरची पातेली बोलायला लागतात.
लांब लाट कोपऱ्याला जुमानत नाही,
हे मला पाठ आहे,
पातेल्यांना फडकं गुंडाळताना त्याचा उपयोग शून्य.

कमळीबाय गेली त्या आठवड्यात
दोन स्पीकरांचा प्रयोग होता.
एकच सूर दोन्हीकडून,
पोरं एक कान दाबून सावकाश चालतात,
मध्येच थांबतात, मागे येतात.
मला जागा ठाऊक आहे.
खिडकीपासून तिसरी फरशी.
तिथं चढ आणि उतार एकाच वेळी येऊन
एकमेकांना पुसून टाकतात.
मी तिथं उभी राहिले, हातात फडकं.
सरांनी एक स्पीकर बंद केला
आणि इतका वेळ गप्प असलेली फरशी
सरळसोट वाजायला लागली.
पोरं हसली. मला ते ऐकवेना.

आई आता एकटीच म्हणते,
ओट्यावर, कोळंबी सोलताना.
सूर अगदी बरोबर. कुठं काही हलत नाही.
दोनशे छप्पन्न.

काल तिच्या शेजारी बसले,
टोपलीतली चार कोळंबी ओढली
आणि तिच्यासोबत लावला सूर,
मुद्दाम जरा खाली,
मेणाएवढा.

"लागत नाय गो तुजा," ती म्हणाली.
हात चालूच.
मग पुढची ओळ उचलली,
आणि माझ्यासाठी थांबली
अर्धा श्वास.